गृहकर्जाआधीचं सिबिल: तीन ठिकाणी तीन आकडे, खरा कुठला?

रानजाई
नमस्कार मंडळी. घर पक्कं झालंय, म्हणजे निदान मनात तरी पक्कं झालंय. पुढच्या पंधरवड्यात टोकन द्यायचं आहे. कर्ज साधारण ५० लाखांचं, वीस वर्षांसाठी, मी आणि नवरा मिळून अर्ज करणार.

गोंधळ असा आहे की एका पेमेंट ॲपवर माझा सिबिल स्कोअर ७८१ दिसतो, दुसऱ्यावर ७३४. कर्ज करून देणाऱ्या एका एजंटला पॅन नंबर दिले, तर तो म्हणाला, "मॅडम तुमचं ७५२ आहे, मस्त आहे. पण सरांचं ६६१ येतंय, ते अवघड जाईल." नवऱ्याने आयुष्यात एका क्रेडिट कार्डाशिवाय काहीही उधारीवर घेतलेलं नाही आणि कार्डाचं बिलही दर महिन्याला पूर्ण भरतो. मग ६६१ कसा? शिवाय मैत्रीण म्हणते, सारखा सारखा स्कोअर बघितला की तो कमी होतो. मी गेल्या आठवड्यात पाच-सहा वेळा तरी बघितलाय. मीच पाडला की काय?

टपरी_तत्त्वज्ञ
तिन्ही आकड्यांची सरासरी काढा आणि मजल्याच्या नंबराने भागा. जे येईल तेवढी वर्षं हप्ते भरायचे आहेत.

हप्तेबंद
बँकेच्या कर्ज विभागात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

'सिबिल' हा शब्द 'झेरॉक्स'सारखा झालाय. सिबिल ही लोकांच्या कर्जांची नोंद ठेवून स्कोअर देणारी एक कंपनी, २००० साली सुरू झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल. तिच्याशिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर हेच काम करतात. चौघींचा स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतो, पण प्रत्येकीचं गणित वेगळं. तुमची दोन ॲप्स बहुतेक दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे दाखवत असणार. त्यामुळे तिन्ही आकडे खरे. तुमच्या बँकेत कुठला बघतात ते तिथेच विचारा, गृहकर्जाला बहुधा सिबिलचा बघतात.

आपण स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, दिवसातून दहा वेळा बघा. कमी होतो तो तुम्ही कर्जाचा अर्ज केल्यावर बँकेने बघितला तर, आणि तोही थोडाच. पण महिन्याभरात पाच बँकांनी बघितलं तर सहाव्या बँकेला वाटतं, हा माणूस दारोदार पैसे मागत फिरतोय. म्हणून त्या एजंटाला आज फोन करा आणि विचारा, "तू नुसतं बघितलंस की कुठे फाइल लॉगिन केलीस, म्हणजे अर्जच टाकलास?" काही डीएसए, म्हणजे असे कर्ज-एजंट, एकच फाइल चार बँकांत टाकतात. त्यांना कुठूनतरी कमिशन मिळतं, चार चौकशा मात्र तुमच्या नावावर चिकटतात.

आणि महत्त्वाचं म्हणजे आकडा सोडा, पूर्ण रिपोर्ट काढा. २०१७ पासून चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढा. तिथेही पैसेवाली योजना आधी समोर येते, फुकटचं बटण जरा शोधावं लागतं. दोघांचे वेगवेगळे काढा. कारण काय ते नवऱ्याच्या रिपोर्टात लिहिलेलं असेल.

भिंगरी
+१. 'कार्डाचं बिल पूर्ण भरतो' यातही एक गोम आहे. कार्डाची मर्यादा किती आणि वापर किती? माझं ५० हजारांचं कार्ड होतं, घरखर्च सगळा त्याच्यावर, महिन्याला ४२-४५ हजार. एक रुपया कधी थकवला नाही तरी स्कोअर ७१०च्या पुढे सरकेना. मग कळलं की बिल तयार होतं त्या दिवशीची बाकी कळवली जाते. म्हणजे त्यांच्या वहीत मी कायम ९० टक्के मर्यादा वापरणारी, गळ्यापर्यंत उधारीत बुडालेली बाई. तीस टक्क्यांच्या आत ठेवावं असा ठोकताळा सांगतात. मी बिल बनायच्या तीन दिवस आधीच पैसे भरायला लागले आणि तीन महिन्यांत ७५०च्या वर गेले. खर्च तेवढाच होता.

रानजाई
बाप रे. नवऱ्याच्या कार्डाची मर्यादा ६० हजार आहे आणि पेट्रोलपासून किराण्यापर्यंत सगळं त्यावरच. तेच असणार!

एजंटाला फोन केला. आधी "नाही हो मॅडम" म्हणाला, मग म्हणाला "फक्त दोन ठिकाणी."

हप्तेबंद
"फक्त दोन ठिकाणी." वा. पॅन देताना यापुढे लेखी विचारून घ्या.

नुसत्या वापरामुळे ६६१ पर्यंत खाली येईल असं वाटत नाही, दुसरं काहीतरी आहे. रिपोर्ट काढाच.

उंबरठा
माझी कथा सांगतो, म्हणजे 'दुसरं काहीतरी' कसं असतं ते कळेल. २०१८ मध्ये एका मॉलमध्ये स्टॉल लावलेल्या पोराने गळ्यात एक क्रेडिट कार्ड मारलं. "सर, लाइफटाइम फ्री." कार्ड घरी आलं, मी पाकीटसुद्धा नीट फोडलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं. मग घर बदललं, मोबाइल नंबर बदलला. 'लाइफटाइम फ्री'चं आयुष्य एका वर्षाचं निघालं. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये फी लागली, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. मला पत्ताच नाही. त्यावर लेट फी, त्यावर व्याज, व्याजावर जीएसटी. तीन वर्षांनी वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा अकरा हजार झाले होते. मी भांडलो, तो म्हणाला चार हजारांत मिटवू. मी खूश. सात हजार वाचवले म्हणून बायकोला पार्टी दिली.

दोन वर्षांनी गृहकर्जाला गेलो तर अर्ज परत. रिपोर्टात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिलेलं. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही एका बँकेचे पैसे बुडवले आहेत." एकदाही न वापरलेल्या कार्डाचे! पुढे त्या बँकेला उरलेले सात हजार स्वतःहून भरले, नो ड्यूजचं पत्र घेतलं आणि खात्यापुढे 'क्लोज्ड' करून घेतलं. या सगळ्यात आठ महिने गेले आणि ते घर हातचं गेलं.

टपरी_तत्त्वज्ञ
पार्टीचं बिल किती झालं होतं?

उंबरठा
साडेतीन हजार. जखमेवर मीठ चोळू नका.

गवळण_नं_७
@उंबरठा, ज्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून अशी पाकिटं आहेत त्यांच्यासाठी लिहिते. २०२२ पासून नियम बदललाय. नवीन कार्ड ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती घ्यायची, ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड फुकट बंद करायचं. आणि कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती सिबिलला पाठवायचीच नाही. चालू कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी शून्य असली, तर सात कामकाजाच्या दिवसांनंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

पण एक मात्र सांभाळा. हे वाचून जोशात सगळी जुनी कार्डं बंद करू नका. सर्वात जुनं, नीट भरलेलं कार्ड म्हणजे तुमचा लांबलचक चांगला इतिहास, आणि ते गेलं की एकूण मर्यादाही कमी होते.

अण्णा_उवाच
मी वयाच्या ६३ व्या वर्षापर्यंत एक पैसा कर्ज घेतलं नाही. घर बांधलं ते थोडं थोडं करत, भिंती झाल्या की थांबायचं, पैसे साठले की स्लॅब. तुमच्या हिशोबाने माझा स्कोअर काय? तर काही नाही! रिपोर्टात 'एनएच' येतं, म्हणजे इतिहासच नाही. आयुष्यभर कुणाचं देणं ठेवलं नाही त्याला इतिहास नाही आणि दहा कार्डं फिरवणारा ८०० घेऊन मिरवतो. हा स्कोअर सचोटीचा नाही, उधारीची सवय मोजायचा आहे. तुम्ही सगळे त्याच्यापुढे माना डोलावताय याचं वाईट वाटतं.

भिंगरी
अण्णा, मान डोलवत नाही हो, पण आजच्या भावात भिंती झाल्यावर थांबायचं म्हटलं तर स्लॅब नातवंडं टाकतील.

हप्तेबंद
अण्णांचं अर्धं म्हणणं मला पटतं. स्कोअरमध्ये पगार धरत नाहीत, एफडी धरत नाहीत, सोनं-जमीन धरत नाहीत. दोन लाख पगाराच्या माणसाचा ६५० आणि पंचवीस हजारवाल्याचा ८०० असू शकतो, मी दोन्ही बघितलेत. उधारी कशी वापरली आणि वेळेवर परत केली का, एवढंच तिथे बघतात.

पण 'एनएच' म्हणजे नापास नव्हे. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला किमान स्कोअरची अट रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही आणि इतिहास नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नये, हे सरकारने २०२५ मध्ये संसदेतही स्पष्ट केलं. अशा वेळी बँक पगाराचं खातं, आयकर विवरणपत्र, नोकरीची वर्षं बघते. प्रत्यक्षात काही शाखांत टाळाटाळ होते, हेही कबूल करतो.

अण्णा_उवाच
टाळाटाळ होते ना? मग माझं पूर्ण म्हणणं पटलं असं लिहा.

शिवारफेरी
घराचं राहू द्या, आमच्याकडे पीककर्जाला सिबिल मागत होते. पावसाने सोयाबीन नेलं की हप्ता चुकतो, हप्ता चुकला की स्कोअर पडतो, स्कोअर पडला की पुढच्या पेरणीला पैसे नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी बँकांना तंबी दिली की पीककर्जाला सिबिल मागू नका. तरी शाखेत गेलं की साहेब संगणकाकडे बोट दाखवतोच.

टपरी_तत्त्वज्ञ
आणि मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल बघून लग्न मोडल्याची बातमी विसरलात का? २०२५ चीच. मुलीच्या मामाने रिपोर्ट काढायला लावला म्हणे. आता पत्रिकेत नाडीच्या खाली एक नवीन रकाना.

भिंगरी
हसून हसून पुरेवाट. पण त्या मामांचं मला काही चुकलं वाटत नाही. छत्तीस गुण जुळून हप्ते कोण भरणार?

गवळण_नं_७
मूळ धाग्याकडे वळूया का? रानजाई, तुमच्या कर्जाचा हिशोब करून बघितला. ५० लाख, वीस वर्षं, ८.५ टक्क्यांनी हप्ता येतो ४३,३९१. ९ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला सोळाशेचा फरक म्हणून आपण सोडून देतो, पण २४० हप्त्यांत तो पावणेचार लाखांच्या वर जातो. स्कोअर कमी म्हणून बँक 'कर्ज देतो, पण अर्धा टक्का जास्त' म्हणाली तर लगेच मान डोलावण्याआधी हे आकडे बघा. बँकांच्या नव्या गृहकर्जांचे तरते व्याजदर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेले आहेत, त्यामुळे रेपो बदलला की सगळ्यांचा दर बदलतो. पण त्याच्यावर तुमच्या स्कोअरप्रमाणे जी जोखमीची भर टाकतात ती सहसा तशीच राहते. पुढे स्कोअर चांगला सुधारला तर ती कमी करायला अर्ज करता येतो. मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

रानजाई
मंडळी, रिपोर्ट मिळाला. बसा.

काल रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून नवऱ्याचा रिपोर्ट उघडला. पहिलं खातं कार्डाचं, महिन्यांच्या चौकटी सगळ्या '०००'. खालचं खातं 'व्यावसायिक वाहन कर्ज'. आम्ही एकमेकांकडे बघतोय. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं कर्ज याच्या पॅनवर पडलंय. तेवढ्यात मालकीच्या रकान्यात दिसलं, 'गॅरंटर'. चौकटींमध्ये ०००, ०००, ०३०, ०६१, ०८८, मग परत ०००. आणि वर 'थकबाकी १८,४००'.

नवरा पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, "ती सही होय!"

२०२१ मध्ये मावसदिरांनी टेम्पो घेतला होता. "दादा, फक्त एक सही लागते, फॉर्मॅलिटी आहे." यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्या सही केली होती. मला घरी येऊन सांगितलंसुद्धा नव्हतं!

उंबरठा
बॉनेटवर सही! माझ्या मॉलच्या स्टॉलला जोडीदार मिळाला.

अण्णा_उवाच
जामीन राहणारा आणि विहिरीत डोकावणारा, दोघांनीही आधी घरी सांगून जावं.

हप्तेबंद
आता उलगडा झाला. त्या चौकटींतला आकडा म्हणजे हप्ता किती दिवस उशीर झाला ते. '०००' किंवा 'एसटीडी' म्हणजे सगळं ठीक. 'एक्सएक्सएक्स' दिसलं तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवली नाही एवढंच. ०८८ म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस, नव्वदच्या पुढे गेलं असतं तर खातं थकीत कर्जात, म्हणजे एनपीएत गेलं असतं. थोडक्यात वाचलात. जामीनदाराच्या रिपोर्टात हे सगळं दिसतं, हे सही घेताना कुणी सांगत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या करा. उशीर खरोखर झाला असेल तर त्या चौकटी पुसता येत नाहीत. "स्कोअर वाढवून देतो, जुन्या नोंदी काढून टाकतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. पण शेवटी ००० आहे आणि वर १८,४०० थकबाकी, हे जुळत नाही. मावसदिरांना विचारा, पैसे भरले आहेत का?

रानजाई
विचारलं. मागच्या वर्षी इंजिनचं काम निघालं तेव्हा तीन हप्ते चुकले, नंतर दंडासकट सगळे भरले. पावत्या आहेत त्यांच्याकडे, फोटो पाठवले. बिचारे फोनवर रडवेले झाले. म्हणजे थकबाकीची नोंद चुकीची आहे!

हप्तेबंद
मग तक्रार टाका, सिबिलच्या साइटवर 'डिस्प्यूट' आहे, फुकट. त्याच दिवशी वाहनकर्ज देणाऱ्या कंपनीलाही पावत्यांसह मेल करा, कारण दुरुस्ती त्यांनीच पाठवायची असते. सिबिल स्वतःच्या मनाने खोडत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीला २१ दिवस आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकाली काढायची, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

तोवर टोकन देऊ नका. द्यायचंच असेल तर 'कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' असं कागदावर लिहून घ्या. तोंडी नको.

भिंगरी
फक्त रानजाईच्या नावाने अर्ज केला तर? तिचा ७५२ आहे.

हप्तेबंद
चालेल, पण मग एकटीच्या पगारावर किती बसतं ते बघावं लागेल. चालू हप्ते धरून एकूण हप्ते हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत असावेत, असं बऱ्याच बँका बघतात. म्हणजे ४३ हजारांच्या हप्त्याला ८६-८७ हजार हातात हवेत आणि दुसरा हप्ता नको. आणि घर दोघांच्या नावावर करणार असाल तर बँक सहसा दोघांनाही कर्जात घेते.

रानजाई
तेवढं एकटीचं बसत नाही. थांबतो. घराच्या मालकांशी बोललो, पंचेचाळीस दिवस द्यायला तयार झाले, तेही लेखी.

ज्यूट_पिशवी
माझाही प्रश्न. मला भावाच्या कर्जाचं जामीनपण सोडायचं आहे. बँकेला पत्र दिलं की झालं ना?

हप्तेबंद
नाही. कर्जदाराने दुसरा जामीनदार किंवा तारण द्यायचं आणि बँकेने ते मान्य करायचं, तेव्हाच सुटका. एकतर्फी पत्राने नाही.

रानजाई
चोवीस दिवसांनी हजेरी. थकबाकीची नोंद शून्य झाली! हल्ली बँकांना महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे नवा आकडाही लगेच दिसला. कार्डाचंही बिल बनायच्या आधी भरलं होतं. ६६१ वरून ७०९. बँकेने तत्त्वतः होकार दिलाय, पाव टक्का जास्त लावून. गवळणताई, तुमचा हिशोब समोर ठेवून भांडले, नाहीतर अर्धाच लावत होते. सगळ्यांना घरभरणीचं आमंत्रण.

हप्तेबंद
अभिनंदन! आता एकच काळजी घ्या. मंजुरीपत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. चेक निघण्याआधी बँक पुन्हा एकदा रिपोर्ट बघू शकते. तोवर नवं कार्ड नको, पर्सनल लोन नको, फ्रिज-टीव्ही हप्त्यावर नको. नो-कॉस्ट ईएमआयसुद्धा नको, तेही कर्जच असतं.

रानजाई
अहो, आजच सकाळी वॉशिंग मशीन घेतलं ना नो-कॉस्टवर. नव्या घरासाठी.

हप्तेबंद
कार्डावर की फायनान्स कंपनीकडून? आणि कुणाच्या नावावर?

रानजाई
कार्डावर. नवऱ्याच्या.